काही व्हिडिओ गेम वर्षानुवर्षे का रंगतात आणि काही लवकर का विटतात?

निन्टेन्डोच्या जुन्या घरगुती गेम-यंत्रासाठी १९८९ मध्ये आलेल्या 'टेट्रिस'बद्दल खेळाडूंची कित्येक वर्षे अशी पक्की समजूत होती की, लेव्हल २९ म्हणजे या खेळाचा शेवट. त्या लेव्हलला ठोकळे इतक्या वेगाने कोसळतात की वीस ओळींची उंची पार करायला त्यांना सेकंदाचा जेमतेम एक तृतीयांश भाग लागतो, आणि बाणाचे बटण नुसते दाबून धरले तर ठोकळा कडेपर्यंत सरकण्याआधीच खाली टेकतो. मग काही खेळाडूंनी बटण दाबून धरायचे सोडून अंगठ्याने ते सेकंदाला दहाहून अधिक वेळा टपटप दाबायला सुरुवात केली आणि ती हद्द थोडी पुढे सरकली. पुढे २०२०च्या आसपास 'रोलिंग' नावाची आणखी एक पद्धत आली. तीत एका हाताचा अंगठा बटणावर हलकेच टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटे कंट्रोलरच्या पाठीवर तबल्यासारखी एकामागोमाग वाजवायची, म्हणजे प्रत्येक ठोक्यासरशी कंट्रोलरच अंगठ्याकडे ढकलला जाऊन बटण दाबले जाते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील तेरा वर्षांच्या एका मुलाने या पद्धतीने लेव्हल १५७ गाठली आणि तिथे प्रोग्रॅमच गोठला.

या चौतीस वर्षांत त्या गेममध्ये एकही नवी लेव्हल, नवे पात्र किंवा अपडेट आलेले नव्हते. त्या मुलाच्या जन्माच्या वीस वर्षे आधी प्रोग्रॅममधले जे अक्षर जिथे होते, ते तिथेच होते. याउलट शेकडो माणसांनी वर्षानुवर्षे खपून तयार केलेले, दिसायला कितीतरी देखणे गेम दोन-तीन आठवड्यांत बाजूला पडतात आणि पुन्हा कोणी त्यांच्याकडे वळून पाहत नाही. ग्राफिक्स, खर्च किंवा जाहिरात यांवरून या फरकाचा उलगडा होत नाही. माझ्या मते तो एका साध्या प्रश्नावरून होतो: खेळणाऱ्याला त्या खेळात समजून घेण्यासारखे अजून काही उरले आहे का?

हा प्रश्न नीट समजण्यासाठी फुली-गोळ्याकडे पाहावे. लहान मूल हा खेळ पहिल्यांदा शिकते तेव्हा काही दिवस त्याला त्याखेरीज दुसरे काही सुचत नाही. मग एके दिवशी त्याच्या लक्षात येते की मधले घर महत्त्वाचे असते, थोड्या दिवसांनी कोपऱ्यांचे महत्त्व कळते, आणि शेवटी असे उमगते की दोघेही नीट खेळले तर डाव दर वेळी बरोबरीतच सुटतो. त्या दिवसापासून त्या मुलाची त्या खेळातली गोडी संपते. कागद तोच असतो, नियमही तेच असतात, पण आता त्यात उलगडण्यासारखे काही राहिलेले नसते. बुद्धिबळाचे तसे होत नाही. पांढऱ्याला पहिल्याच खेळीसाठी २० पर्याय असतात, दोघांची एकेक खेळी झाली की पटावर ४०० वेगवेगळ्या स्थिती संभवतात, आणि पुढे हा आकडा इतक्या झपाट्याने वाढत जातो की माणसाच्या एका आयुष्यात तो खेळ पुरता उलगडणे शक्य नाही.

खेळातल्या मजेचा मोठा भाग हा शिकण्याचा आनंद असतो. समोर घडणाऱ्या गोष्टींत काहीतरी संगती आहे असा अंदाज यावा, तो अंदाज करून पाहावा, चुकावे, सुधारावे आणि अखेर तो बरोबर निघावा, या साखळीतला प्रत्येक दुवा मेंदूला सुखावतो. गेम आपल्याला हेच पुन्हा पुन्हा करू देतो, आणि तेही चुकीची खरी किंमत मोजायला न लावता. साहजिकच गेम दोन टोकांना मरतो. सगळे समजून चुकले की तो कंटाळवाणा होतो, आणि काहीच समजेनासे झाले की तो निव्वळ गोंगाट वाटू लागतो.

१९८० मध्ये नामको या जपानी कंपनीसाठी तोरू इवातानी यांनी केलेला 'पॅक-मॅन' या दोन टोकांमधली जागा फार सुंदर रीतीने दाखवतो. वरवर पाहता त्यातली चार भुते सारखीच पाठलाग करत असतात, पण प्रत्येकाचा नियम वेगळा आहे. लाल भूत पॅक-मॅन जिथे असेल तिथे सरळ चालून येते. गुलाबी भूत त्याच्या तोंडासमोर चार घरे पुढे जाण्याचा प्रयत्न करते, म्हणून ते नेहमी वाट अडवताना दिसते. निळ्या भुताचे लक्ष्य लाल भूत कुठे आहे यावरही ठरते, त्यामुळे त्याचा अंदाज सर्वांत कठीण. आणि नारिंगी भूत दूर असताना चालून येते, पण आठ घरांच्या आत पोहोचले की माघार घेऊन आपल्या कोपऱ्याकडे निघून जाते. पहिल्या दिवशी खेळणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नसते, त्याला फक्त घेरले गेल्यासारखे वाटते. पण पन्नासाव्या डावात नारिंगी भूत समोरून आले तरी तो घाबरत नाही, कारण ते वळणार हे आता त्याचे हात जाणतात. हरण्याला कारण असते आणि ते कारण शोधून काढता येते, म्हणून हरलेला माणूस पुन्हा खेळायला बसतो.

मात्र याच खेळात एक उणीव राहून गेली होती. भुतांच्या हालचालीत खरा अनिश्चितपणा नसल्याने खेळाडूने अगदी तेच वळण तेव्हाच घेतले तर भुतेही दर वेळी तशीच धावत. हे लक्षात आल्यावर मुरलेल्या खेळाडूंनी ठरावीक वाटा पाठ केल्या, आणि विचार करण्याची गरजच उरली नाही. दोन वर्षांनी आलेल्या 'मिस पॅक-मॅन'मध्ये भुतांच्या हालचालीत थोडा यदृच्छेचा भाग मिसळण्यात आला, त्यामुळे पाठांतर निरुपयोगी ठरून पुन्हा पाहून, समजून खेळणे भाग पडले.

तरीही यदृच्छा म्हणजे टिकाऊपणा असे समीकरण मांडता येत नाही. सापशिडीत प्रत्येक डाव वेगळा असतो, पण त्यात निर्णय घेण्याची एकही जागा नाही, त्यामुळे मोठ्या माणसाला तिथे शिकण्यासारखे काही नाही. १९८०च्या सुमारास आलेल्या 'रोग' या गेमने आणि त्याच्या वंशातल्या पुढच्या शेकडो गेमनी यदृच्छेचा शहाणपणाने वापर केला. त्यांत तळघरांची रचना दर डावाला नव्याने होते, कोणते हत्यार हाती लागेल याचा भरवसा नसतो, आणि मेल्यावर पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते. नशिबाने जे पदरात टाकले त्याचे काय करायचे, हे मात्र सर्वस्वी खेळाडूच्या हातात असते, आणि ती समज एका डावातून दुसऱ्या डावात सोबत येते.

आता एका मोठ्या गैरसमजाकडे वळू. गेम दीर्घकाळ टिकावा म्हणून त्यात भरपूर सामग्री घालावी, नकाशा आणखी मोठा करावा, कामगिऱ्या वाढवाव्यात, असे खेळाडूंनाही वाटते आणि गेम बनवणाऱ्यांनाही वाटते. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या 'नो मॅन्स स्काय'मध्ये गणिती सूत्रांतून निर्माण होणारे सुमारे १८च्या पुढे १८ शून्ये इतके ग्रह होते. सेकंदाला एक याप्रमाणे पाहत गेले तरी ते पाहून होण्याआधी अब्जावधी वर्षे उलटून जातील. तरीही अनेक खेळाडू काही दिवसांतच कंटाळले. एका ग्रहावरचे गवत निळे होते, दुसऱ्यावर प्राण्यांना सहा पाय होते, पण त्या ग्रहावर उतरून करायचे काय, हे दहाव्या ग्रहावरही पहिल्यासारखेच होते. डोळ्यांना वेगळे दिसत होते, पण विचार करण्याची वेळ वेगळ्या रीतीने येत नव्हती. त्या छोट्या कंपनीने हार मानली नाही, ही गोष्ट मला मनापासून कौतुकाची वाटते. पुढची कित्येक वर्षे त्यांनी मोफत अपडेट देऊन घरबांधणी, एकत्र खेळण्याची सोय आणि नवनवी यंत्रणा त्यात आणली आणि गेलेले खेळाडू परत मिळवले. ग्रहांची संख्या वाढवण्याची गरज कधीच नव्हती, ग्रहावर उतरायला कारण हवे होते.

सामग्री एकदा वापरली की संपते, पण एकमेकांवर परिणाम करणारे नियम सहसा संपत नाहीत. 'द लेजंड ऑफ झेल्डा'च्या मालिकेतील २०१७चा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हे याचे उत्तम उदाहरण आहे. तिथे आगीने सुके गवत पेटते, पेटलेल्या गवतावरची हवा वर उसळते, ती हवा कापडी छत्रीला धरून लटकलेल्या माणसाला वर उचलते, आणि वादळात धातूची वस्तू अंगावर असेल तर तिच्यावर वीज पडते. यांतला प्रत्येक नियम चार शब्दांत सांगता येतो. पण शत्रूंच्या टोळीजवळ धातूची तलवार टाकून वीज पडण्याची वाट पाहायची, की गवत पेटवून उंच जायचे आणि वरून बाण सोडायचे, हे कोणी शिकवत नाही. ते सुचावे लागते, आणि जे स्वतःला सुचते त्याचा आनंद आयत्या मिळालेल्या उत्तरात नसतो. 'माइनक्राफ्ट'मध्ये ठोकळे रचण्याच्या मोजक्या नियमांना विजेच्या तारांसारख्या वागणाऱ्या 'रेडस्टोन'ची जोड मिळाली, तर खेळाडूंनी त्यातून बेरीज-वजाबाकी करणारी यंत्रे उभी केली. ऑक्टोबर २०२३ पर्यंत या गेमच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे जाहीर झाले होते.

नियमांच्या या मेळातून बनवणाऱ्यांनाही न सुचलेल्या गोष्टी बाहेर पडतात. कॅपकॉमच्या १९९१च्या 'स्ट्रीट फायटर टू'मध्ये एका फटक्याला लागूनच दुसरा फटका असा मारता येत होता की मधे प्रतिस्पर्ध्याला बचावाची संधीच मिळू नये. हे मुळात ठरवून केलेले नव्हते, प्रोग्रॅममधल्या वेळेच्या हिशेबातून ते आपोआप निपजले होते. बनवणाऱ्यांच्या लक्षात ते आले, पण ते साधणे फार कठीण आहे असे वाटून त्यांनी ते तसेच राहू दिले. आज मारामारीच्या गेमचा विचार ज्यावाचून करता येत नाही ते 'कॉम्बो' अशा रीतीने जन्माला आले.

अटारी कंपनीचे एक संस्थापक नोलन बुशनेल यांचे एक सूत्र गेमच्या जगात फार प्रसिद्ध आहे: खेळ शिकायला सोपा असावा आणि त्यात पारंगत होणे अवघड असावे. यातल्या पहिल्या अर्ध्या भागाला लोक पुरेसे महत्त्व देत नाहीत असे मला वाटते. दरवाजा उंच ठेवला तर आतला वाडा कितीही मोठा असो, तिथवर कोणी पोहोचत नाही. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये उडीचे बटण थोडा वेळ दाबले तर लहान उडी आणि अधिक वेळ दाबले तर उंच उडी लागते. हे कोणीही दहा सेकंदांत ओळखतो, पण धावता धावता नेमकी हवी तेवढी उडी मारणे ही आयुष्यभर घासूनपुसून घेण्याची कला आहे. २०१८च्या 'सेलेस्ट'मध्ये तर कड्याचे टोक सुटल्यानंतरही सेकंदाचा लहानसा अंश उडी मारू दिली जाते. खेळाडूला ही सवलत जाणवतही नाही. त्याला फक्त एवढेच वाटते की हा गेम आपल्या बोटांचे म्हणणे ऐकतो. अतिशय कठीण असूनही तो गेम लोकांना अन्यायी वाटला नाही, याचे श्रेय बऱ्याच अंशी अशा बारकाव्यांना जाते.

मिहाय चिक्सेंटमिहाई या मानसशास्त्रज्ञाने कामात पूर्ण बुडून जाण्याच्या अवस्थेचा अनेक वर्षे अभ्यास केला. आव्हान आणि आपली कुवत यांचा तोल जमला की ती अवस्था येते, हा त्याचा एक मुख्य निष्कर्ष होता. एकट्याने खेळायच्या गेममध्ये हा तोल राखणे कठीण असते, कारण खेळाडूची कुवत वाढत राहते आणि गेम मात्र आहे तिथेच राहतो. इथेच समोर दुसरा माणूस असण्याचे मोल कळते. अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी बुद्धिबळासाठी गुणांकनाची जी पद्धत बसवली, ती जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली, आणि आजच्या ऑनलाइन गेममधील मॅच जुळवण्याच्या बहुतेक पद्धती तिच्याच वंशातल्या आहेत. बलवानाला हरवले की गुण जास्त वाढतात, दुबळ्याला हरवले की थोडेच, आणि हळूहळू प्रत्येकाला आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी मिळू लागतो. खेळाडू सुधारला की समोरचाही सुधारलेला असतो, त्यामुळे तो तोल वर्षानुवर्षे टिकतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे माणसे गेमला बाहेरून नवा करतात. १९९८च्या 'स्टारक्राफ्ट'मध्ये तीन जमाती आहेत आणि तिघींचे सैन्य, बांधणी व वेग पूर्णपणे भिन्न आहेत. त्यांच्या बळाचा तोल साधण्यासाठी कंपनीने केलेला शेवटचा बदल २००१ सालचा. त्यानंतर नियम गोठले, पण खेळ गोठला नाही. दक्षिण कोरियात त्याच्या लढती टीव्हीवर दाखवल्या जात आणि पूर्णवेळ खेळणारे खेळाडू दिवसभर सराव करत. २००७ पर्यंत असे मानले जाऊ लागले होते की झर्ग जमातीच्या त्या वेळच्या सर्वोत्तम खेळाडूपुढे प्रोटॉस जमातीचा टिकाव लागणे जवळजवळ अशक्य आहे. त्या वर्षी मार्चमध्ये 'बिसू' या नावाने खेळणारा किम तेक-योंग हा प्रोटॉस खेळाडू त्याच्याविरुद्ध अंतिम सामन्यात उतरला. त्याने आधी दुसरा तळ उभारला, मग हलक्या विमानांनी आकाश ताब्यात घेऊन शत्रूची टेहळणी संपवली, आणि त्यामागोमाग न दिसणारे योद्धे धाडले. यातले प्रत्येक सैन्य पहिल्या दिवसापासून गेममध्ये होते, फक्त ते या क्रमाने, या वेळी, एकमेकांना पूरक म्हणून कोणी इतक्या सफाईने वापरले नव्हते. तो सामना त्याने ३-० असा जिंकला आणि त्यानंतर जगभरचे प्रोटॉस खेळाडू तसे खेळू लागले. नियमांना हात न लावता सहा वर्षांनी एक जुना खेळ नवा झाला, हे उदाहरण मला या विषयातले सर्वांत बोलके वाटते.

मग काही गेम मजा संपल्यावरही लोक का खेळत राहतात, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. २००९ मध्ये आलेल्या 'फार्मविल'मध्ये पेरलेले पीक खरोखरच्या तासांनी तयार होई आणि वेळेवर काढले नाही तर वाळून जाई. कोट्यवधी लोक दिवसातून अनेकदा तिथे डोकावत. पण त्यांना खेचून आणणारी गोष्ट पुष्कळदा नुकसानीची धास्ती होती, खेळाची ओढ नव्हती. ती धास्ती एकदा विरली की मागे फारसे काही राहत नाही. लोकप्रियता ओसरून बरीच वर्षे झाल्यावर ३१ डिसेंबर २०२० रोजी तो मूळ गेम बंद झाला. रोज हजेरी लावल्याबद्दल नाणी, सलग सात दिवस आल्याबद्दल पेटारा, अशी बक्षिसे आज असंख्य गेममध्ये असतात, आणि त्यांच्याबाबत एक जुना प्रयोग आठवावा असा आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात, चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितले की चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी बक्षिसाचा विषय नसताना पाहिले, तर ती मुले इतर मुलांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रे काढत होती. जे आधी आवडीचे होते ते बक्षिसाच्या आश्वासनाने कामासारखे झाले होते. गेमचेही तसेच होते. आपण रोज ज्या गेमकडे जातो त्यातली सगळी बक्षिसे उद्या काढून टाकली तर आपण तो उघडू का, हे प्रत्येकाने स्वतःशी प्रामाणिकपणे तपासून पाहण्यासारखे आहे.

कथाप्रधान गेम या सगळ्यात बसत नाहीत, आणि त्यांना या मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. वीस तासांत संपून मनात घर करणारा गेम आपले काम पुरे करून गेलेला असतो.

काही गेम मात्र मजा शिल्लक असताना मारले जातात. २०१४चा 'द क्रू' हा मोटार शर्यतींचा गेम एकट्याने खेळायचा म्हटला तरी त्याला कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले असणे आवश्यक होते. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला गेम कोणालाच खेळता येईना. याउलट १९९३च्या 'डूम'ची रचनाच अशी होती की त्याच्या लेव्हल वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्या होत्या, त्यामुळे कोणालाही स्वतःच्या लेव्हल बनवता आल्या. १९९७ मध्ये त्याचा मूळ कोडही खुला केला गेला आणि आजही त्याच्यासाठी नव्या लेव्हल तयार होत असतात.

निन्टेन्डोच्या २००१च्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली'ची गोष्ट तर याच्याही पुढची आहे. हवेतून जमिनीकडे तिरके झुकून सरपटत जाण्याची एक चाल त्याच्या भौतिक नियमांतून निघते, ती खेळाडूंनी उचलली आणि तिच्यावर स्पर्धात्मक खेळाची सगळी इमारत उभी राहिली. या गेमला ऑनलाइन खेळण्याची सोय कधीच नव्हती. एकोणीस वर्षांनी, २०२० मध्ये, चाहत्यांनीच ती स्वतः प्रोग्रॅम लिहून तयार केली. प्रत्यक्ष स्पर्धांसाठी मात्र आजही अनेक ठिकाणी जुने, जड, काचेच्या नळीचे टीव्ही दोघा-तिघांनी उचलून आणले जातात, कारण बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत सपाट टीव्हीवर जो किंचित उशीर होऊ शकतो, तो इतकी वर्षे खेळून तयार झालेल्या हातांना लगेच जाणवतो.